पाणी पाजलेला दोर

बुधाजी,

तू गेलास ही बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? वाटलं, ह्यात कुठेतरी पाणी मुरतंय. बाळकुमच्या मिठागरावरचा तुझा सोबती दारात उभा होता, "म्हातारा तापानं गेला" म्हणून सांगत होता, आणि मी त्याची उलटतपासणी घेत होतो. कधी गेला? कोणी पाहिला? तुला कोणी सांगितलं? शेवटी घरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "अहो, माणूस गेलाय. साक्षी कसल्या घेताय?" तेव्हा कुठे मी ओटीवर खाली बसलो. मग बराच वेळ उठलोच नाही.

तुला आजही अरेतुरेच करतो आहे. गेलेल्याशी मानानं बोलावं म्हणतात. पण मी एकदम अहोजाहो करू लागलो तर तुलाच संशय येईल, की ह्या कारकुनाला आता आणखी काय पाहिजे.

माझा धंदाच संशयाचा, हे तुला मी सांगायला नको. मोजणीच्या कचेरीतला कारकून मी. कोणाचा बांध सरकला, खुणेचा दगड कोणी उचलून पलीकडे टाकला, कोणी पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीत भात लावलं, हे हुडकायचं. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच सकाळी पगडी डोक्यावर ठेवायची. वीस-बावीस वर्षं हे केलं की माणूस घरच्या दुधातही पाणी शोधायला लागतो. आमच्या घरी म्हणतात, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी देव जागेवर आहे की सरकलाय ते बघाल." आणि नेमका अशा माणसाच्या वाट्याला तुझा डोंगर आला.

सरकारनं रानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. शीळच्या मागचा निवळाईचा डोंगर त्यात आला. साहेबांचा हुकूम साधा होता. वरचा झरा देवीचा म्हणतात ना, मग झऱ्यापासून चारी अंगांना मोजणीच्या दहा-दहा साखळ्या जागा देवीला सोडा, उरलेलं सगळं सरकारी रान. मी साखळी आणि दोन पट्टेवाले घेऊन पायथ्याशी आलो. तिथे तुमचा तो ठेवणीचा धोंडा होता आणि धोंड्याला पाठ लावून तू बसला होतास. धोंड्यावर कोयते, विळे, एक कुऱ्हाड, कोणाच्या तरी खिळ्याच्या वहाणा, सगळं ओळीनं मांडलेलं.

"लोखंड वरती जात नाय, रावसाब."

"ही सरकारी साखळी आहे."

"हाय ना. पन लोखंडाचीच हाय."

मी चिडलो. म्हटलं, मग मोजू कशानं, तुझ्या जिभेनं? तू हसला नाहीस. खांद्यावरचा नवाकोरा अंबाडीचा दोर उतरवलास आणि माझ्या पुढ्यात टाकलास. म्हणजे तू तयारीनं आला होतास! आणि तयारीनं आलेला माणूस मला कधीच सरळ वाटलेला नाही. पट्टेवाले म्हणत होते, रेटून नेऊ साखळी, कोण अडवतंय बघू. पण वाटेवर तुमच्या बायका बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. भांडणाऱ्या माणसाला मी दबवू शकतो, गप्प बसलेल्या बाईचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. म्हटलं, ठीक आहे, दोर तर दोर.

धोंड्यापाशी साखळी जमिनीवर ताणली, शेजारी दोर ताणला. साखळीच्या टोकाशी तुझी मूठ. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. पट्टेवाल्यानं कोयता उचलला आणि तुझी मूठ हळूच पुढे सरकली. एक हात पुढे. तिथे दोर कापला गेला.

मी पाहिलं, बुधाजी. आणि बोललो नाही. त्याच क्षणी बोललो असतो, "अरे, मूठ का सरकवलीस?" एवढं विचारलं असतं, तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण संशयी माणसाला मिटवायचं नसतं, पकडायचं असतं.

मग तू माझ्या नाकाकडे बोट केलंस.

"त्यो बी ठेवा."

माझा चष्मा! पोलादी काड्यांचा. म्हटलं, अरे, ह्याच्याशिवाय मला हातावरचं दिसत नाही.

"मी हाय ना," तू म्हणालास.

अकरा वर्षं झाली त्याला. त्यानंतर कितीदा मी तुझ्याबरोबर वर आलो. कामानं आलो, कधी नवं भात वाहायच्या दिवशी आलो, आणि खरं सांगायचं तर दोनदा तुझ्यावर पाळत ठेवायलाच आलो. दर वेळी चष्मा धोंड्यावर. म्हणजे गंमत बघ, मी तुझा डोंगर कधी धड पाहिलेलाच नाही. मला ठाऊक आहे तो तुझ्या तोंडचा डोंगर. "यो हिरडा, रावसाब, हात लावा. यो त्याच्या शेजारचा बेहडा. हितं वाकून चला, गारंबीचा वेल हाय, मानसाच्या मांडीएवढा. आयका, तांबट पाखरू बोलतंय." मी आपला हिरव्या धुरकटात तुझ्या आवाजामागे पाय टाकत जायचो. खाली पडलेली वाळकी काटकीसुद्धा तिथून कोणी उचलत नाही म्हणायचास. मला खरं वाटलं नाही. एकदा मी मुद्दाम एक काटकी उचलून काखेत धरली, बघू हा काय करतो. तू काही केलं नाहीस. खाली धोंड्यापाशी आल्यावर हात पुढे केलास, काटकी घेतलीस आणि पुन्हा सगळा चढ चढून ठेवून आलास. मी तोवर सावलीत बसून होतो. लाज वाटली, पण तेव्हा तुला तसं म्हटलं नाही.

त्या पहिल्या दिवशी झऱ्यापाशी पोचलो तेव्हा मला नुसतं पाणी ऐकू येत होतं. देवीला ना मूर्ती, ना शेंदूर. पाणी हीच देवी, कितीही गढूळ आणून ओतलं तरी इथं निवळतं, म्हणून निवळाई, असं तू सांगत होतास. मग डुबुक असा आवाज झाला आणि माझ्या हातातलं दोराचं टोक ओलं झालं. जे काही देवीच्या राईत वापरायचं ते आधी झऱ्यात बुडवायचं, ही तुमची रीत मला कोणीतरी सांगितली होती. मला वाटलं, चालली ह्याची पूजा. तू तेव्हा काहीतरी बोललास. काय बोललास ते मला खूप आठवून बघूनही आठवत नाही. शेवाळावर माझा पाय सरकत होता, मी घाबरलेला होतो, मी म्हटलं, "उरक रे बाबा तुझं." ते काय होतं, बुधाजी? सांगितलं होतंस का मला तेव्हाच?

पुढचं टोक तुझ्याकडे, मागचं माझ्याकडे. तू मोजायचास, मी म्हणायचो हं. चारी अंगांना दहा-दहा झाले. दहाव्या टोकाला तू लाकडाच्या खुंट्या ठोकल्यास. खाली आलो, चष्मा चढवला, तर बायका तुला घेरून विचारत होत्या, "पाजलंस पानी?" आणि तू म्हणालास, "पाजलं. चांगला पाजलाय. आता कसली चिंता नाय." त्या सगळ्या हसल्या. तूही हसलास. सबंध दिवसात तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या कानशिलात जाळ झाला. पाणी पाजलं! म्हणजे कोणाला? मला! आंधळा करून डोंगरावर फिरवला, हातभर लांब दोर धरायला लावला, आणि वर बायकांपुढे ऐट, की कारकुनाला पाणी पाजलं. ठाण्याला येईपर्यंत मी बैलगाडीत तेच घोकत होतो. कळव्याला खाडीच्या तरीत बसलो तेव्हा माझं ठरलं होतं. वहीत शेरा लिहिला: "दोर तपासून पाहिला, साखळीहून लांब आढळला, सबब खुंट्यांपासून एक साखळी आत दगड बसवावे." खरं तर हातभराचा दहा दोरांना मिळून फरक पडून पडून किती पडणार? साखळीच्या निम्म्याहूनही कमी. मी पुरी साखळी कापली. उरलेलं दंड म्हणून. आणि "तपासून पाहिला" हे धडधडीत खोटं. दोर मी परत हातातसुद्धा घेतला नव्हता. तो तुझ्या खांद्यावरून तुझ्या घरी गेला होता.

दगड बसले तेव्हा तू ठाण्यात टेंभीवर माझ्या घरी आलास. पहिल्यांदाच. पायरीवर बसून म्हणालास, "दगड आत आले, रावसाब."

मी म्हटलं, "मोजलं ते लिहिलं. पटत नसेल तर अर्ज कर."

किती सोयीचं बोललो मी! तुला अक्षर येत नाही, आणि तुझ्या ओळखीत अर्ज लिहून देणारा सगळ्या ठाण्यात एकटा मीच. तू माझ्याकडे बघितलंस, माझ्या चष्म्याकडे बघितलंस, "बरं" म्हणालास आणि उठलास.

मला वाटलं संपलं. पण मग तू येतच राहिलास. बाळकुमला मिठागरावर जाता-येता वाकडी वाट करून माझ्या दारात. कधी मूठभर हिरडे, कधी करवंदं, कधी पानात बांधलेलं मीठ. आमच्या घरी तुझं कौतुक. मला मात्र प्रत्येक पुरचुंडीत काहीतरी दिसायचं. हा काय मागणार आहे? आज नाही मागितलं, म्हणजे मोठं काहीतरी मागणार. तू कधीच काही मागितलं नाहीस. माझी आई आजारी होती तेव्हा निवळाईचं पाणी घागरीत भरून डोक्यावरून आणलंस, तेही मी आधी स्वतः चाखून मग तिला दिलं. तू ते बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

निघताना तू दर वेळी एकच म्हणायचास. "मंग रावसाब, सगलं बराबर ना?" मी म्हणायचो, "हो, सगळं बरोबर." मला तो रामराम वाटायचा. लोक निघताना म्हणतात तसं काहीतरी.

दरम्यान दगडांच्या बाहेर राहिलेली झाडं ठेकेदार पाडत होता. मावळतीची गेली, मग दक्षिणेची, मग उत्तरेची. त्यांचा कोळसा झाला. मी ते कागदावर पाहत होतो, तू डोळ्यांनी. गेल्या महिन्यात आलास तेव्हा पायरीवर बसलाही नाहीस.

"उगवतीच्या झाडांना खुना केल्यान. दिवाली झाली का पाडनार."

मी म्हटलं, सरकारी रान आहे ते, मी काय करणार.

"झरा त्या झाडांच्या मुळांवर हाय, रावसाब. ती गेली का पानी जाईल."

मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो. घडी चांगली जमेपर्यंत वर बघितलं नाही. मग म्हणालास, "मंग, सगलं बराबर ना?"

"सगळं बरोबर," मी म्हटलं.

ते आपलं शेवटचं बोलणं. हातात काठी होती, पाय ओढत होतास, मी विचारलंही नाही की बरं वाटत नाही का.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी तुझी सून येसू आली. कमरेला ओचा खोचलेला, डोळे कोरडे. काखेतून दोराचं वेटोळं काढून ओटीवर ठेवलं. तोच अंबाडीचा दोर, काळपटलेला. म्हणाली, "मामा बोलला, यो रावसाबांना दे. बोलला, त्यांना सांग, पानी पाजून मापा."

पाणी पाजून! अकरा वर्षांचा निखारा होता तो, एका फुंकरीत पेटला. म्हणजे मरतानासुद्धा मला चिडवून गेलास? येसूला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. ती गेली तशी मी दोर उचलला आणि तडक कचेरी गाठली. आमच्या ओसरीत साखळ्या तपासायला दोन खुणा ठोकलेल्या आहेत, तुला ठाऊक नसेल. एका खुणेशी टोक धरलं, दुसरीकडे ताणला. हातभर लांब! दुसऱ्या खुणेच्या पलीकडे हातभर दोर लोंबत होता. मी ओरडलोच, "सापडलास, लेका!" ओसरीवरचा पट्टेवाला दचकून उभा राहिला.

घरी आलो तो छाती काढून. अकरा वर्षांनी का होईना, मी खरा ठरलो होतो. घरी सांगितलं, बघ, तुमचा तो करवंदवाला कसा होता ते. आमच्या मंडळी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी पाजलंत का?"

"कोणाला?"

"दोराला हो. ती पोर सांगून गेली ना, पाणी पाजून मापा म्हणून. विहिरीचा नवा दोर भिजवल्याशिवाय लावतात का कधी? भिजला की आखडतो तो. बाज विणतात तेव्हा सुंभाला पाणी मारतात, बघितलं नाहीत कधी?"

नाही बघितलं. मी साखळीचा माणूस, बुधाजी. साखळी भिजली तरी तेवढीच राहते.

मंडळींनीच दोर घंगाळात बुडवला. दुपार टळेपर्यंत मी त्याच्याशेजारी पाटावर बसून होतो. तोंडानं काही म्हणत नव्हतो, पण मनात देवीला नवस करत होतो, की तो आखडू नये. हे तुला सांगायलाच हवं. तू चोर निघावास, म्हणून मी नवस करत होतो. कचेरी बंद व्हायच्या आधी ओला दोर पिशवीत घालून पुन्हा गेलो. टोक धरलं, ताणला. दुसऱ्या खुणेवर येऊन थांबला. फरक असलाच तर बोटभराचा. पट्टेवाला म्हणाला, "जमलं की बरोबर." मी त्याला म्हटलं, जा, तू घरी जा.

म्हणजे तुझी मूठ सरकली ती ह्यासाठी. झऱ्यात बुडवणं चुकणार नाही आणि दोर आखडणार, हे मिठागरावर जन्म काढलेल्या तुला न सांगता ठाऊक होतं. म्हणून तेवढा जास्त घेतलास. सरकारचं बोटभर घेतलं नाहीस, देवीचं बोटभर सोडलं नाहीस. आणि बायका विचारत होत्या ते दोराचं. पाजलंस पानी? चांगला पाजलाय. पाणी दोरालाही पाजतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सगळं जग मला पाणी पाजायला टपलेलं, ह्या भ्रमात मी राईची कड कापून दिली.

तरी एक भांडण आहे माझं तुझ्याशी. जिवंतपणी का आणला नाहीस दोर? अकरा वर्षं तो तुझ्या आढ्याला होता. एकदा पायरीवर टाकून म्हणायचं, बघ, मूर्खा! मग माझं मलाच वाटतं, आणला असतास तर मी म्हटलं असतं, हा दुसरा दोर आहे. नक्की म्हटलं असतं. तुला ते ठाऊक होतं. मेलेल्या माणसाचा मला संशय येणार नाही, एवढ्यावर तू भरवसा ठेवलास. त्यातही थोडा चुकलासच, तापाची चौकशी केली मी.

अर्ज लिहून झाला आहे. माझ्या हस्ताक्षरात, खाली माझी सही. निवळाईच्या मोजणीवरचा शेरा खोटा आहे, दोर तपासलेला नव्हता, आता तपासला, बरोबर आहे, तरी दगड मूळ खुंट्यांवर न्यावेत आणि उगवतीची झाडं तोडू नयेत. साहेब विचारतील, अकरा वर्षं काय झोपला होतास? नोकरीतून काढतील कदाचित. म्हातारपणी कारकुनाला देवीनं धरलं, असं म्हणून अर्ज बाजूला ठेवतील, असंही होईल. माझा माझ्या कचेरीवरही विश्वास नाही, म्हणून टपालात टाकत नाही. साहेबांचा मुक्काम कल्याणला आहे. उद्या सकाळी स्वतः जाऊन हातात देणार, बरोबर दोर आणि एक लोटा पाणी घेऊन. त्यांच्यासमोर पाजून दाखवीन.

तिथून तसाच तुझ्या दहाव्याला येतो. चष्मा धोंड्यावर ठेवीन. येसू परत जाताना दहाव्याला वर या म्हणाली होती, तेव्हा रागाच्या भरातच मी तिला म्हटलं होतं, आता वर कसा येऊ गं, मला दिसत नाही. ती म्हणाली, "मी हाय ना."

तू दर वेळी दारात विचारायचास आणि मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो. ते मागे घेतो आहे. नाही, बुधाजी. सगळं बरोबर नव्हतं. दोर तेवढा बरोबर होता.